‘तसं आम्ही म्हटलंच नव्हतं!’

मराठीत म्हण आहे, ‘शहाण्याला शब्दाचा मार’. उर्दूत तेच ‘अक्लमंद को इशारा काफी है’ असे म्हणतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे दरवर्षी या दोन्ही म्हणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. मुले वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मागे सातवीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "टीचर, इशारा करायचाच कशाला? सरळ सांगितलं तर काय होतं?"

प्रश्न छोटा आहे, पण त्याचे उत्तर एका तासात देता येण्यासारखे नाही. आपण दिवसभर जे बोलतो त्यातले निम्मेअधिक सरळ बोललेलेच नसते. तरी समोरच्याला ते कळते. हे कसे घडते, का घडते, आणि कधी त्याचा गैरफायदा घेतला जातो, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे, असे मला वाटते. विशेषतः ज्या घरात मुलामुलींची लग्ने व्हायची आहेत, त्या घरात.

आमचा जरीपटका उत्तर नागपुरात आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे इथे वसली आणि ही वस्ती वाढली. शेजारी इंदोरा, पलीकडे कामठी रोड. बाजारात एक फेरी मारली तरी सिंधी, हिंदी, नागपुरी मराठी आणि आमच्यासारख्यांच्या घरातली उर्दू कानावर पडते. भाषा चार, पण न बोलता बोलण्याची रीत सगळीकडे एकच.

मे महिन्यात दुपारी आमच्या घरी कुणी म्हटले, "कूलरमधलं पाणी संपलं वाटतं," तर ती हवामानाची बातमी नसते. मोबाइल घेऊन पडलेल्या मुलाने उठून पाइप लावावा, असा त्याचा अर्थ असतो. मुलालाही तो कळतो, म्हणूनच तो न ऐकल्यासारखे करतो. किराणा दुकानात पाटी असते, ‘आज नगद, कल उधार’. शब्दशः घेतले तर हे उद्या उधार देण्याचे वचन आहे. पण दुसऱ्या दिवशी जाऊन "काल तुम्ही लिहिलं होतं, आता द्या" असे म्हणणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिले नाही. पाटी वाचणारा प्रत्येक माणूस जाणतो, की हा ‘कल’ कधीच येणार नाही. आणि मराठी घरातून निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमच्याकडेही मोठी माणसे टोकतात, "जाता हूँ मत बोलो, आता हूँ बोलो." निघालेला माणूस येतो म्हणतो आणि कुणालाही ते खोटे वाटत नाही.

बोलणे म्हणजे मिळून केलेले काम

याची नीट मांडणी करणारे पॉल ग्राइस (१९१३–१९८८) हे इंग्रज तत्त्वज्ञ. ऑक्सफर्डला त्यांनी बरीच वर्षे शिकवले. १९६७ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली, आणि त्यातला या विषयावरचा भाग १९७५ मध्ये छापून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोन माणसे बोलू लागतात तेव्हा ती नकळत एक करार करतात, की आपण एकमेकांना सहकार्य करू. या कराराची चार कलमे आहेत. गरजेइतके बोलावे, कमीही नाही आणि जास्तही नाही. खरे बोलावे. विषयाला धरून बोलावे. आणि स्पष्ट, क्रमाने बोलावे.

तुम्ही म्हणाल, एवढे पाळणारा माणूस दाखवा! गंमत इथेच आहे. समोरचा माणूस वरवर कलम मोडताना दिसला, तरी तो आपल्याला फसवत नसेल, सहकार्यच करत असेल, असे आपण गृहीत धरतो. मग त्याच्या बोलण्यात काय दडले असेल ते शोधू लागतो. न बोललेला अर्थ असाच सापडतो.

समजा, मी शेजारणीला विचारले, "भाभी, चक्की उघडी असेल का?" आणि ती म्हणाली, "चक्कीवाल्याच्या पोराचा आज वलीमा आहे." प्रश्न गिरणीचा, उत्तर वलीम्याचे. शब्दांकडे पाहिले तर दोहोंचा संबंध नाही. पण भाभी विषय सोडून बोलणार नाही या भरवशावर मी लगेच समजते, की गिरणी बंद आहे. गव्हाचा डबा उचलायची गरज नाही. आणि वलीम्याला जायचे असेल तर तेही कळले!

दुसरे उदाहरण आम्हा शिक्षकांच्या रोजच्या कामातले. पालकसभेत आई विचारते, "पोरगं कसं आहे अभ्यासात?" शिक्षिका म्हणते, "अक्षर छान आहे. हजेरीही पूर्ण आहे." आईचा चेहरा पडतो. शिक्षिका खोटे काहीच बोलली नाही, पण विचारले त्यापेक्षा कमी बोलली. जे सांगायचे टाळले, तेच सांगितले गेले. ग्राइस यांनीही असेच उदाहरण दिले आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी दिलेल्या शिफारसपत्रात प्राध्यापक फक्त एवढेच लिहितो, की विद्यार्थ्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येतो. पत्र वाचणाऱ्याला काय समजायचे ते समजते.

क्रमाचेही तसेच आहे. ‘भांडण झाले आणि ती माहेरी गेली’ आणि ‘ती माहेरी गेली आणि भांडण झाले’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. फक्त जागा बदलल्या. पहिल्या वाक्यात सासरच्यांकडे बोट जाते, दुसऱ्यात सुनेकडे. मोहल्ल्यात एखाद्या घराची बदनामी करायला खोटे बोलण्याची गरज नसते. क्रम बदलला तरी पुरते.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे

ग्राइस यांनी मांडणी केली ती अर्थात मोलाची. पण हा विषय आपल्या दोन्ही परंपरांना परका नव्हता. काश्मीरमध्ये नवव्या शतकात आनंदवर्धन यांनी ‘ध्वन्यालोक’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि शब्दांतून सूचित होणारा अर्थ हाच काव्याचा प्राण आहे, असे मांडले. मराठी व्याकरणात आम्ही अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवतो, ते याच परंपरेतून आले. व्यंजनेचे एक जुने उदाहरण फार बोलके आहे. कुणी म्हटले, "सूर्य मावळला." गुराख्याने ऐकले तर गुरे घरी न्यायची वेळ झाली. चोराने ऐकले तर त्याच्या कामाची वेळ झाली. आपल्याकडे रमजानमध्ये ऐकले तर खजूर हातात घ्यायची वेळ झाली! वाक्य एक, अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा.

तिकडे आजच्या इराणमधल्या गुर्गान शहरात अकराव्या शतकात अब्दुल काहिर जुर्जानी हे अरबी भाषेचे मोठे पंडित होऊन गेले. ‘दलाइल-उल-एजाज’ या ग्रंथात त्यांनी ‘अर्थ’ आणि ‘अर्थाचा अर्थ’ असा भेद केला. शब्दांतून पहिला अर्थ कळतो आणि त्या अर्थातून दुसरा. अरबीत एखाद्याबद्दल म्हणत, की त्याच्या भांड्याखाली राख पुष्कळ असते. राख पुष्कळ म्हणजे चूल खूप पेटते. चूल खूप पेटते म्हणजे अन्न खूप शिजते. अन्न खूप शिजते म्हणजे मेहमान खूप येतात. म्हणजे माणूस दिलदार आहे. राखेवरून दिलापर्यंतचा हा प्रवास ऐकणारा एका क्षणात करतो. उर्दूच्या वर्गात याला आपण ‘किनाया’ म्हणतो.

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा घरात नांदत असल्या की अशा गोष्टी जास्त दिसतात. मराठी माणूस नारळ ‘फोडतो’ म्हणायच्या ऐवजी ‘वाढवतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतात. उर्दूत दुकान बंद करायचे तर ‘दुकान बढाना’, दिवा विझवायचा तर ‘चिराग बढाना’. तुटणे, संपणे, विझणे हे शब्द तोंडातून निघू नयेत म्हणून दोन्ही भाषांनी वाढण्याचाच आसरा घेतला. जेवण झाल्यावर घरातले मोठे म्हणतात, "दस्तरखान बढा दो." त्याचा अर्थ, आता आवरून घ्या. मराठीत मात्र ‘वाढणे’ म्हणजे ताटात अन्न घालणे. मराठी मेहमानाच्या कानाला हे वाक्य ‘आणखी वाढा’ असे लागले तर नवल नाही. शब्द सारखा दिसला तरी त्यामागचा रिवाज ठाऊक असावा लागतो.

उर्दूच्या नजाकतीचे एक उदाहरण माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडते. कुणी आजारी असेल तर जुनी माणसे विचारत, "सुना है, दुश्मनों की तबीयत नासाज है?" म्हणजे आजार तुमच्या नावाला चिकटायलाही नको, तो तुमच्या दुश्मनाला असो. मुले आधी हसतात. मग एखादा म्हणतो, "यात प्रेम आहे ना, टीचर?" हो, प्रेमच आहे.

इशाऱ्यातली माणुसकी

आता त्या प्रश्नाकडे येऊ. सरळ सांगितले तर काय होते? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पण काही जागा अशा असतात की तिथे सरळ बोलण्याने समोरच्याची कोंडी होते.

पवित्र कुरआनात सूरह बकराच्या आयत २३५ मध्ये याचा सुंदर दाखला आहे. पती वारल्यावर स्त्री चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये असते. त्या काळात तिच्याशी निकाहाचा करार पक्का करता येत नाही, गुपचूप वचनही घेता येत नाही. मात्र सूचक शब्दांत इच्छा कळवण्यात गुन्हा नाही, असे तिथे सांगितले आहे. माझा निकाह करण्याचा विचार आहे, एवढेच म्हणणे हे अशा सूचक बोलण्याचे उदाहरण म्हणून हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेले आहे.

ही परवानगी का असावी, याचा मी एक शिक्षिका म्हणून, भाषेच्या बाजूने विचार करते. दुःखात असलेल्या त्या बाईला कुणी सरळ विचारले तर तिला उत्तर द्यावे लागेल. हो म्हटले तर लोक नावे ठेवतील, नाही म्हटले तर समोरचा दुखावेल. सूचक बोलण्याने मात्र तिच्यावर उत्तराचे ओझे पडत नाही. ऐकले न ऐकले करून ती गप्प राहू शकते. कुणाचाच अपमान होत नाही. पुढचे दार मात्र उघडे राहते.

आपल्या घरातही हेच चालते. मेहमान बराच वेळ बसले आणि जेवायची वेळ झाली, तर घरची बाई विचारते, "रोट्या टाकतेच आहे, गरम गरम दोन घ्याल का?" ‘भूक लागली आहे का?’ असे ती विचारत नाही. उसने पैसे घेतलेला शेजारी दिसला तर भला माणूस म्हणतो, "या महिन्यात जरा हात तंग आहे." ‘माझे पैसे टाक’ म्हणत नाही. समोरच्याकडे असतील तर तो देतो, नसतील तर त्यालाही म्हणता येते, "माझंही तसंच चाललं आहे." नाते टिकते.

अशा इशाऱ्याची एक खूण मी मुलांना सांगते. चांगला इशारा ऐकणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक देतो.

छोटे शब्द, मोठी भांडणे

पण प्रत्येक बोलण्यात इशारा शोधत बसणे हाही एक आजार आहे. मराठीत ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘सुद्धा’ हे छोटे शब्द आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांना ते शिकवताना माझे बरेच तास जातात. ‘तू आलास’ ही बातमी आहे. ‘तूच आलास’ म्हणजे दुसरे कुणी आले नाही. ‘तूही आलास’ म्हणजे आणखी कुणी आले होते, आणि सूर जरा वर गेला तर ‘तुला कुणी बोलावलं?’ असाही अर्थ होतो. ‘तू तरी आलास’ म्हणजे ज्यांनी यायला हवे होते ते आले नाहीत. एका छोट्या शब्दाने न आलेल्या सगळ्यांची तक्रार होते. उर्दूतले ‘ही’, ‘भी’, ‘तो’ हेच काम करतात.

आता घरात सासू म्हणते, "आज सालन छान झालंय." सून ‘आज’ या शब्दावर अडकते. म्हणजे रोज वाईट होते? तिने रात्री फोनवर आईला सांगितले, आईने बहिणीला. सासूने कदाचित खरेच कौतुक केले असेल. ‘आज’ हा शब्द ओघात आला असेल. सूरह हुजुरातमध्ये गुमान, म्हणजे मनातल्या मनात धरलेला संशय, टाळायला सांगितले आहे, आणि काही गुमान हे गुनाह असतात असा इशाराही दिला आहे. बोलणाऱ्याने सहकार्य करावे, तसे ऐकणाऱ्यानेही करावे. दोन अर्थ निघत असतील तर आधी चांगला धरावा.

हे मोबाइलवर आणखी अवघड होते. समोर बसून कुणी ‘ठीक आहे’ म्हटले तर चेहरा दिसतो, आवाज कळतो. व्हॉट्सअॅपवर नुसते ‘ठीक आहे’ आले की ते रागाने लिहिले की घाईत, हे कळायला काही मार्ग नाही. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आले नाही, की गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. अनेकदा माणूस फक्त फोन चार्जिंगला लावून गेलेला असतो. जिथे आवाज नाही तिथे इशाऱ्यावर विसंबू नये. तिथे पूर्ण वाक्य लिहावे, किंवा सरळ फोन करावा.

उलट बाजूही आहे. मराठीत म्हण आहे, ‘लेकी बोले सुने लागे’. बोलायचे लेकीला, लागायला हवे सुनेला. हा संशय नव्हे, हा खरोखरचा बाण असतो. आणि सुनेने तोंड उघडले तर तयार उत्तर असते : "तुला कोण बोललं? मी तर माझ्या पोरीला सांगत होते." ग्राइस यांनीही हे नोंदवले होते, की सूचित अर्थ बोलणाऱ्याला मागे घेता येतो. बोललेले शब्द मागे घेता येत नाहीत, पण न बोललेला अर्थ ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ एवढ्या एका वाक्याने नाकारता येतो. सगळी चलाखी या एका फटीतून आत शिरते.

"आम्हाला काही नको"

या फटीचा सर्वांत मोठा वापर आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत होतो.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीचा रिश्ता ठरत होता. मुलगी डी.एड. झालेली, मुलगा बुटीबोरीला नोकरीला. दोन्ही घरची माणसे बैठकीत बसली होती. चहा झाला, शामी कबाब झाले. मुलाच्या वडिलांनी सुरुवातच मोठ्या मनाने केली : "अल्लाहचं दिलेलं सगळं आहे. आम्हाला काही नको. मुलगी नेक पाहिजे." मुलीच्या आईने पदर सावरून मान डोलावली. मग मुलाच्या आई म्हणाल्या, "मोठ्या सुनेच्या माहेरच्यांनी खूप केलं, माशाअल्लाह. आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्यांचीच खुशी." थोड्या वेळाने मुलाचे मामा म्हणाले, "पोरगा सकाळी साडेपाचला निघतो. बस बदलत बदलत जातो. थंडीत तर हाल विचारू नका."

कुणी काही मागितले नाही. पण मी मुलीच्या वडिलांकडे पाहत होते. त्यांची नजर खाली गेली होती आणि ते मनातल्या मनात हिशेब करत होते, हे स्पष्ट दिसत होते. बसचा विषय निघण्याचे काय कारण? मोठ्या सुनेच्या माहेरचा उल्लेख इथे कशाला? विषयाला धरून बोलावे हे कलम प्रत्येकाच्या मनात असते, म्हणूनच त्या वाक्यांचा अर्थ एकच निघत होता. मोटारसायकल, आणि बाकी सामान मोठीइतके.

शेवटी वडिलांनी दबक्या आवाजात विचारले, "म्हणजे गाडीचं काही...?" त्याबरोबर मामा ताठ झाले. "अस्तगफिरुल्लाह! आम्ही मागितलं का? तसं आम्ही म्हटलंच नव्हतं."

बैठकीत मुलीची फूफी होती. शिकलेली फार नाही, पण तिला बोलणे कळते. ती शांतपणे म्हणाली, "भाईसाहब, गैरसमज नको म्हणून विचारते. मुलगा बसने जातो म्हणालात. लग्नानंतरही तो बसनेच जाईल, असं आम्ही समजतो. बरोबर ना?"

खोलीत कुणी बोलेना. प्रश्नात भांडण नव्हते, आरोपही नव्हता. फक्त फट बुजवली गेली होती. ‘हो’ म्हटले तर गाडीची आशा संपते, ‘नाही’ म्हटले तर मागणी उघड होते. मुलाच्या वडिलांनी, "हो, हो, का नाही," म्हटले आणि विषय बदलला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की इस्तिखाऱ्यात दिल ठुकत नाही. त्या निरोपाचाही अर्थ आम्हाला कळला.

मुलीची आई पुढे बरेच दिवस फूफीशी नीट बोलली नाही. चांगला रिश्ता एका प्रश्नाने गेला, असे तिला वाटत होते. तिची तगमग मला कळते. मुलीचे वय वाढते तसा घरातला श्वास कसा जड होतो, हे अनेक घरांना माहीत आहे. पण त्या दिवशी फूफी गप्प बसली असती तर वडिलांनी कर्ज काढले असते. आणि पुढे जन्मभर समोरचे म्हणाले असते, "आम्ही मागितलं नव्हतं, त्यांनीच खुशीने दिलं." ते ऐकून घ्यावे लागले असते ते वेगळेच.

पुष्कळांना वाटते, की तोंडाने मागितले नाही म्हणजे कायदा लागू होत नाही. हे चूक आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये हुंडा ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ मागणे, दोन्ही गुन्हा ठरवले आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे इशाऱ्यातली मागणी ही मागणीच, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. याच कायद्याच्या कलम २ मध्ये मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार दिला जाणारा मेहर हुंड्यात धरलेला नाही. हे योग्यच आहे. मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा, आणि तो निकाहाच्या वेळी सर्वांसमोर आकडा सांगून ठरवला जातो. विचार करा, जो हक्क आहे तो मोठ्याने सांगितला जातो, आणि जो हक्क नाही तो इशाऱ्याने मागितला जातो.

इद्दतमधल्या बाईला दिलेला इशारा आणि बैठकीत मुलीच्या बापाला दिलेला इशारा, दोन्हीत बोलण्याची कला एकच आहे. फरक एवढाच, की पहिल्यात ऐकणाऱ्याला नकाराची मोकळीक मिळते. दुसऱ्यात बोलणारा स्वतःसाठी पळवाट ठेवतो आणि ऐकणाऱ्याला नकार देण्याची सोयच उरत नाही. जे मागितलेच नाही, त्याला नाही कसे म्हणणार?

आपण काय करू शकतो

मोठ्या सुधारणेच्या गोष्टी मी करत नाही. घरात करता येण्यासारख्या तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, जिथे पैसा, लग्न, जमीन किंवा वाटणीचा विषय आहे तिथे इशारा चालू द्यायचा नाही. सूरह अहजाबच्या आयत ७० मध्ये अल्लाहला भिण्याबरोबरच सरळ, नीट बात बोलायला सांगितले आहे. फूफीने केले तसे नरमाईने विचारावे, "तुमचं म्हणणं असं आहे, असं आम्ही समजतो. बरोबर ना?" आवाज चढवायची गरज नसते. आणि हे विचारण्याची सवय घरातल्या मुलींनाही लावावी. त्यांनी उलट प्रश्न विचारला म्हणजे बेअदबी झाली, असे मानू नये.

दुसरी गोष्ट, ‘इन्शाअल्लाह’ या शब्दाची. उद्याचे काम सांगताना अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख करावा, हे सूरह कहफमध्ये शिकवले आहे. म्हणजे हा इराद्याचा शब्द आहे. आपण त्याचा टाळण्याचा शब्द करून टाकला. दावतीला जायचे नसले की म्हणतो, "इन्शाअल्लाह, बघू." मुलाने सहलीचे विचारले की बाप म्हणतो, "इन्शाअल्लाह," आणि मुलगा आईला जाऊन सांगतो, "अब्बू नाही म्हणाले." लहान मूल या पवित्र शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा शिकते, तेव्हा ते चूक करत नसते. आपण जसे बोलतो तसे ते शिकते. जायचे नसेल तर प्रेमाने ‘जमणार नाही’ म्हणावे, आणि जायचे असेल तेव्हाच इन्शाअल्लाह म्हणावे.

तिसरी गोष्ट, जिथे कुणाची गरज, दुःख किंवा लाज आहे तिथे मात्र इशाऱ्याची नजाकत सोडू नये. फी भरू न शकणाऱ्या बापाला वर्गासमोर विचारू नये. मूल न होणाऱ्या भाभीला ‘काही खुशखबर?’ म्हणू नये. उपाशी आलेल्याला भुकेचे विचारण्याऐवजी ताट पुढे करावे. आपल्या मोठ्यांनी ही अदब जपली, ती मुलांच्या हाती द्यावी.

मुलांना आपण लिहायला शिकवतो, वाचायला शिकवतो. बोलणे त्यांना आपोआप येते, असे समजतो. पण कुठे सरळ बोलावे आणि कुठे शब्द आवरावा, हे आपोआप येत नाही. ते घरातल्या दस्तरखानावर बसून, मोठ्यांकडे पाहत शिकले जाते. म्हणून आधी मोठ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. समोरच्याने आपल्या बोलण्यावरून जे समजावे अशी आपली इच्छा होती, तेही आपलेच बोलणे असते. ‘तसं आम्ही म्हटलंच नव्हतं’ म्हणून बैठकीतून सुटता येईल. जिथे जिभेबरोबर नियतीचाही हिशेब होणार आहे, तिथे सुटता येणार नाही.